लेसरने थंड होणारे अणू : पार्श्वभूमी

ठाण्यात पंखा लावण्याजोग्या २७ अंश तापमानाला रुबिडियमच्या वाफेतले अणू ताशी सुमारे हजार किलोमीटर वेगाने धावत असतात. त्यांना आवरायला प्रकाश वापरायचा, ही कल्पना ऐकायला उलटीच वाटते, कारण प्रकाशाने वस्तू तापतात.

प्रकाश अणूला ढकलतो, हे ओटो फ्रिश यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. प्रश्न होता फक्त समोरून येणाऱ्या अणूला ढकलण्याचा. फलाटावरून धडधडत जाणाऱ्या मेलचा भोंगा ती जवळ येत असताना चढा ऐकू येतो; लेसरच्या दिशेने येणाऱ्या अणूलाही त्या प्रकाशाची वारंवारता तशीच वाढलेली भासते. म्हणून लेसर मुद्दाम किंचित कमी वारंवारतेवर ठेवायचा. मग समोरून येणारा अणूच तो प्रकाश जास्त शोषतो आणि दर फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशाच्या दर कणामागे, जरासा मंदावतो. अणू मंदावणं म्हणजेच वायू थंड होणं. ही युक्ती १९७५ मध्ये हेन्श आणि शॉलो यांनी सुचवली. आयनांसाठी, म्हणजे विद्युतभारित अणूंसाठी, तीच वाइनलँड आणि डेमेल्ट यांना सुचली.

आयन १९७८ मध्ये थंड झाले. १९८५ मध्ये बेल लॅबमध्ये स्टीव्हन चू यांच्या गटाने सहा बाजूंनी लेसर टाकून सोडियम सुमारे २४० मायक्रोकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या २४० दशलक्षांशांपर्यंत, आणलं. अणू तिथून हळूहळू निसटत. त्यांना धरून ठेवणारा, चुंबकीय क्षेत्राची जोड असलेला सापळा १९८७ चा.

माझ्या मते खरी गंमत १९८८ ची. सिद्धांत म्हणत होता, सोडियम २४० च्या खाली जाणारच नाही. विल्यम फिलिप्स यांच्या गटाने मोजलं तर सुमारे ४०! प्रयोग अपेक्षेपेक्षा चांगला निघणं भौतिकशास्त्रात विरळाच. सिद्धांताने अणूला दोनच ऊर्जापातळ्या धरल्या होत्या, सोडियमला त्याहून जास्त असतात. या उपपातळ्यांमुळे अणू प्रकाशाने उभारलेले ऊर्जेचे चढ पुन्हा पुन्हा चढतो आणि दर वेळी थोडी ऊर्जा गमावतो, हे दालिबार आणि कोहेन-तानूजी यांनी उलगडलं. चू, कोहेन-तानूजी आणि फिलिप्स यांना १९९७ चं नोबेल मिळालं.

याचा सर्वात मोठा फायदा घड्याळांना झाला. अणू कारंज्यासारखे वर उडवून वेळ मोजण्याचा झकारियास यांचा १९५० च्या दशकातला प्रयत्न फसला होता, कारण त्यांना लागणारे संथ अणू वेगवान अणूंच्या धडकांनी विखुरत. लेसरने ती अडचण दूर केली. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांना जी वेळ पाळावी लागते, तिचा सेकंद आज अशा सीझियम कारंज्यांवर ताडून पाहिला जातो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही असं एक कारंजं उभारलं आहे.