छोट्या शहरातले रेडिओ स्टेशन रातोरात का बदलते?

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या शहरात काल रात्रीपर्यंत जुनी कंट्री गाणी लावणारे स्टेशन आज सकाळी क्रीडाचर्चा किंवा धार्मिक संगीत लावू लागते. परवाना तोच, मनोरा तोच, रेडिओवरचा आकडाही तोच. बदललेला असतो तो फॉरमॅट, म्हणजे दिवसभर काय ऐकवायचे याचा ठरलेला साचा. वर्षानुवर्षे सकाळ सांभाळणाऱ्या निवेदकाला बरेचदा निरोपाचे दोन शब्द बोलायलाही मिळत नाहीत.

हा साचा रेडिओत मुळात नव्हताच. पूर्वी एकच स्टेशन बाजारभाव, चर्चमधली प्रार्थना, नाटक, बातम्या असे सगळे काही ऐकवत असे. १९५०च्या दशकात टीव्हीने नाटके आणि मोठे जाहिरातदार पळवले, तेव्हा रेडिओने गाण्यांचा आधार घेतला. ओमाहाच्या केओडब्ल्यूएच स्टेशनवर टॉड स्टॉर्झ यांनी मोजकी लोकप्रिय गाणी पुन्हा पुन्हा वाजवून श्रोते खेचले आणि देशभर त्यांची नक्कल झाली. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयएने तर १९४९ मध्येच आपले सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करायला सुरुवात केली होती. आजवर ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्यांना त्या बदलाने आपले स्टेशन मिळाले. म्हणून फॉरमॅट बदलला की वाईटच झाले, असे मी म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो निर्णय कोणाचा, हा. १९७०च्या दशकात शास्त्रीय संगीताची स्टेशने बंद होऊ लागली तेव्हा श्रोते संघटना करून कोर्टात गेले. शहरातला एकमेव असा फॉरमॅट जात असेल, तर परवाना हस्तांतरित करण्याआधी रेडिओचे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाने (एफसीसी) त्याचा विचार केलाच पाहिजे, असे वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाचे म्हणणे होते. मार्च १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ते फिरवले: फॉरमॅटचा निर्णय बाजारावर सोपवण्याचे आयोगाचे धोरण कायद्याला धरून आहे. माझ्या मते या कहाणीतले खरे वळण हेच. त्यानंतर श्रोत्याच्या हातात रेडिओ बंद करण्यापलीकडे फारसे काही उरले नाही.

छोट्या शहरांवर घाव पडला तो पैशाच्या बाजूने. १९८०च्या दशकात आयोगाने शेकडो नव्या एफएम स्टेशनांना वाट मोकळी केली, पण जाहिरात देणारी दुकाने तेवढीच राहिली. त्याच काळात उपग्रहावरून तयार फॉरमॅट मिळू लागले. स्थानिक निवेदक न ठेवता चोवीस तास स्टेशन चालू लागले आणि फॉरमॅट बदलणेही स्वस्त झाले.

मग आला १९९६ चा दूरसंचार कायदा. त्याने देशभरातल्या मालकीवरची मर्यादा उठवली. १४ किंवा त्याहून कमी स्टेशने असलेल्या बाजारातही, म्हणजे एखाद्या छोट्या शहराच्या परिसरातही, एका मालकाला पाचपर्यंत स्टेशने घेता येऊ लागली; अट एवढीच की ती तिथल्या एकूण स्टेशनांच्या निम्म्याहून जास्त नसावीत. एकाच मालकाची स्टेशने एकमेकांचे श्रोते कशाला पळवतील? मग एकावर कंट्री, दुसऱ्यावर रॉक, तिसऱ्यावर चर्चा, अशी वाटणी झाली. त्यातले एक तोट्यात गेले की वाटणी पुन्हा नव्याने.

याचा धोका नॉर्थ डकोटातल्या मायनॉटमध्ये दिसला. १८ जानेवारी २००२ च्या पहाटे तिथे मालगाडी घसरली आणि अमोनियाचा विषारी वायू शहरावर पसरला. शहरातली सहाही व्यावसायिक स्टेशने क्लिअर चॅनल या एकाच कंपनीची होती. लोकांना रेडिओवरून सावध करायला स्टेशनवर फोन केला, पण तो लागला नाही, असे पोलिसांचे म्हणणे. पोलिसांनीच आणीबाणीत रेडिओवरून इशारा देण्याची यंत्रणा नीट वापरली नाही, असे कंपनीचे. तरीही २०१७ मध्ये आयोगाने स्टेशनचा मुख्य स्टुडिओ त्या भागातच असावा हा जुना नियमही काढून टाकला.

उलट दिशेचे पाऊल एकच, पण महत्त्वाचे. आयोगाने २००० मध्ये कमी शक्तीच्या, बिगर-व्यावसायिक एफएम स्टेशनांची सोय केली आणि २०११ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने तिचा विस्तार झाला. कमाल १०० वॅट, आवाज पाच-सहा किलोमीटरपर्यंत. परवाना मात्र स्थानिक संस्थेलाच मिळतो, आणि काय वाजवायचे हे तिथलीच माणसे ठरवतात.