हॅमस्टर गार पडलाय? आधी खोलीचं तापमान बघा

निपचित पडलेल्या हॅमस्टरला हात लावण्याआधी पिंजऱ्याजवळचं तापमान मोजा. तो मेलाय की शीतनिद्रेत, म्हणजे थंडीत शरीर मंदावून पडून राहण्याच्या अवस्थेत आहे, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. खोलीत २८ अंश सेल्सिअस असताना हॅमस्टर शीतनिद्रेत जात नाही. मुंबईत ऐन मे महिन्यात तो आडवा झाला असेल आणि अंग गरम, सैल, तोंड लाळेने ओलं असेल, तर तो उष्माघात. अशा वेळी ऊब दिलीत तर तो हमखास जाईल. खोली उबदार असूनही अंग गार लागत असेल, तर एक तर तो गंभीर आजारी आहे किंवा गेलेला आहे. पण निफाडची जानेवारीतली पहाट असेल, पिंजरा पुण्यातल्या उघड्या गॅलरीत राहिला असेल, तर खड्डा खणायची घाई करू नका.

खरी शीतनिद्रा घरात क्वचितच घडते. सोनेरी म्हणजे सिरियन हॅमस्टर प्रयोगशाळेत सुमारे ५ अंशांत, लहान दिवसमानात कित्येक आठवडे ठेवल्यावर शीतनिद्रेत जातो. छोट्या सायबेरियन जातीचे हॅमस्टर थंडीच्या मोसमात दिवसातले काही तासच शरीर थंडावून घेतात. एका रात्रीच्या गारठ्याने कोसळलेला पाळीव प्राणी बहुधा निव्वळ गारठलेला असतो. अंगावर पुरेशी चरबी नसते, त्यामुळे ‘झोपलाय, झोपू दे’ हे धोरण चुकीचं.

एरवी हॅमस्टरचं तापमान ३७ अंशांच्या आसपास आणि हृदयाचे ठोके मिनिटाला तीनशेच्या वर असतात. शीतनिद्रेत शरीर जवळपास खोलीइतकंच थंड होतं, ठोके मिनिटाला दहाच्याही खाली जाऊ शकतात आणि दोन श्वासांमध्ये मिनिटभर किंवा अधिक वेळ जातो. त्यामुळे बोटाने ठोके चाचपण्यात अर्थ नाही. नाकापुढे आरसा धरण्याचा उपायही इथे फसतो, कारण थंड शरीरातून आलेल्या श्वासाने काचेवर वाफ धरत नाही. त्यापेक्षा टॉर्च बाजूने तिरकी धरा आणि घड्याळ लावून किमान पाच मिनिटं बरगड्यांवरचे केस बघत राहा. मिशी थरथरली, हिरड्या गुलाबी दिसल्या, हळूच ताणलेला पाय परत आत ओढला गेला, तर तो जिवंत आहे.

यातलं काहीच दिसलं नाही तरी निकाल देऊ नका. मरणोत्तर ताठरपणा थंडीत उशिरा येतो, म्हणून खरी परीक्षा ऊब दिल्यावरच होते. त्याला कोरड्या फडक्यात सैल गुंडाळा आणि २२ ते २५ अंशांच्या खोलीत आणा. सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा. हेअर ड्रायर, हीटर, गरम पाण्याची अंघोळ नको. कातडीतलं रक्ताभिसरण मंद असल्याने ती चटकन भाजते, शिवाय तिथल्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावल्या तर मंदावलेल्या हृदयाला ते झेपत नाही.

शुद्धीवर यायला अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. खांदे आणि मानेजवळची तपकिरी चरबी, म्हणजे उष्णता निर्माण करणारी चरबी, आधी पेटते, त्यामुळे पुढचं अंग उबदार आणि ढुंगण अजून गार, असा काळ येतो. मग श्वास भरभर होतात आणि अंगाला कापरं भरतं. पाहणाऱ्याला झटके आल्यासारखं वाटतं, पण हे कापरं शरीर तापवण्यासाठीच असतं. तो स्वतः गिळू लागेपर्यंत तोंडात थेंबही घालू नका. पाणी फुप्फुसात गेलं तर वाचवलेला जीव न्यूमोनियाने जाईल. डोकं उचलून चाटू लागला की साखरेचं किंचित कोमट पाणी द्या आणि त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.

मेलेलं शरीर ऊब मिळाल्यावर सैल होण्याऐवजी ताठरत जातं, डोळे निस्तेज होऊन खोल जातात. ताठरपणा येऊन ओसरला असेल तर अंग पुन्हा सैल लागतं, पण तोवर वास सुटलेला असतो आणि पोटाची कातडी हिरवट पडू लागते. शंका उरली तर दुसऱ्या दिवसापर्यंत उबेतच ठेवा. वाचला, तर पिंजरा खिडकी आणि एसीच्या झोतापासून दूर, २० ते २४ अंशांत हलवा आणि तळाला भुशाचा किमान वीतभर थर द्या.