ज्वाळा की ऊन? क्षेपणास्त्र-इशारा उपग्रहांची पार्श्वभूमी

सोव्हिएत भूमीवरून सुटलेले आंतरखंडीय क्षेपणास्त्र अमेरिकेत साधारण ३० मिनिटांत पोहोचते. जमिनीवरच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे ते बरेच उशिरा दिसते आणि हाती जेमतेम १५ मिनिटे उरतात. (रडारही फसते. ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधल्या थुले इथल्या रडारने उगवत्या चंद्रालाच हल्ला समजून इशारा दिला होता.) आणखी वेळ हवा असेल तर उड्डाणाची ज्वाळाच वरून टिपायला हवी. ज्वाळा दिसते, पण ढगावर चमकणारे ऊनही तसेच दिसते, आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे.

अमेरिकेच्या ‘मिडास’ मालिकेचा पहिला उपग्रह २६ फेब्रुवारी १९६० च्या उड्डाणातच गेला. प्रत्यक्ष क्षेपणास्त्र-उड्डाणे टिपली ती मे १९६३ मध्ये सोडलेल्या सातव्या उपग्रहाने. पण खालच्या कक्षेतला उपग्रह एका जागेवर थोडाच वेळ असतो, त्यामुळे अखंड पाहऱ्याला बरेच उपग्रह लागले असते. म्हणून १९७० पासून अमेरिकेचे ‘डीएसपी’ (डिफेन्स सपोर्ट प्रोग्रॅम) उपग्रह सुमारे ३६,००० किमी उंचीवर, भूस्थिर कक्षेत गेले; तिथे उपग्रह पृथ्वीच्या एकाच भागावर कायम राहतो. हा उपग्रह स्वतःभोवती मिनिटाला ६ फेऱ्या घेतो. त्याची दुर्बीण फिरण्याच्या अक्षाशी किंचित तिरकी असते, त्यामुळे संवेदकांची रांग दर १० सेकंदांनी पृथ्वीवरून झाडूसारखी फिरते.

उन्हावरचा तोडगा तरंगलांबीत होता. २.७ मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त किरण हवेतले बाष्प शोषून घेते, म्हणून जमीन आणि खालचे ढग काळे दिसतात. गरम धूर मात्र उजळतो. अर्थात क्षेपणास्त्र दाट हवेतून वर येईपर्यंत दिसत नाही, आणि बाष्पाच्या थराहून उंच असलेले ढग चमकतातच.

‘ओको’ या सोव्हिएत उपग्रह-इशारा यंत्रणेने वेगळी वाट धरली. त्याचे उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेतून अमेरिकेचे तळ पृथ्वीच्या कडेशी, तिरक्या नजरेने पाहत. मागे काळे अवकाश, त्यामुळे ढगांचा त्रास कमी, असा हिशेब होता. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री तो चुकला. शरद संपात (सप्टेंबरमधला समान दिवस-रात्रीचा दिवस) नुकताच झालेला, सूर्य आणि उपग्रह नेमके अशा कोनात आले की उंच ढगांवरचे परावर्तन यंत्रणेला आधी एक, मग आणखी चार क्षेपणास्त्रे वाटली. खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करेल, असा विचार करून इशारा-केंद्रात ड्युटीवर असलेले लेफ्टनंट कर्नल स्टानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा ठरवला. जमिनीवरच्या रडारवरही काही आले नाही.

१९९१ च्या आखाती युद्धात डीएसपीची दुसरी मर्यादा उघड झाली. इराकच्या ‘स्कड’ या कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची ज्वाळा लहान, जळण्याचा काळ थोडा. १० सेकंदांच्या फेरीत हाती मोजकेच बिंदू लागत, त्यामुळे दिशेचा अंदाज ढोबळ राही. २०११ पासून भूस्थिर कक्षेत गेलेल्या, डीएसपीनंतरच्या पिढीतल्या अमेरिकी ‘सिबिर्स’ उपग्रहांत म्हणूनच झाडणाऱ्या संवेदकाच्या जोडीला एका भागावर नजर रोखून बसणारा दुसरा संवेदक दिला आहे.