लाव्हाच्या थरांखालचा ‘गार’ मासा

इंदूरहून महूच्या पुढे पातालपाणीचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांचे लक्ष साहजिकच पाण्याकडे असते. पण कड्याकडे नीट पाहिले, तर काळा दगड थरावर थर रचल्यासारखा दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पुन्हापुन्हा उसळलेल्या लाव्हाचे हे थर आहेत आणि माळव्याची काळी माती त्यांच्याच झिजेतून तयार झाली आहे. लाव्हा येण्यापूर्वी, आणि दोन उद्रेकांमधल्या शांत काळातही, मध्य भारतात नद्या वाहत होत्या, तळी भरत होती. त्यांच्या गाळात सापडणाऱ्या जीवाश्मांपैकी मला विशेष मोलाचे वाटतात ते ‘गार’ या माशाचे अवशेष.

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या लमेटा थरांत, म्हणजे लाव्हाखाली दबलेल्या जुन्या गाळाच्या खडकांत, मिळालेल्या अशा अवशेषांना ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये लेपिसोस्टियस इंडिकस हे नाव दिले. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात डायनोसॉरची अंडी सापडतात, तेही लमेटाचेच थर.

गारचा अखंड सांगाडा क्वचितच हाती लागतो. मिळतात ते सुटे खवले. हा खवला जाड, तिरप्या चौकोनाच्या आकाराचा असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर गॅनॉइन नावाचा, दातावरील एनॅमलसारखा कठीण आणि चकचकीत लेप असतो. एका खवल्याची खुंटी शेजारच्या खवल्याच्या खाचेत बसत असल्यामुळे, छपरावरच्या कवेलूंप्रमाणे सगळे अंग एकसंध झाकले जाते. मासा मेल्यावर मांस कुजते, हाडे विखुरतात, पण हे खवले टिकून राहतात. म्हणूनच संशोधक माती पाण्यात भिजवून चाळतात आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात.

त्या काळी भारत हे आशियापासून तुटलेले, उत्तरेकडे सरकणारे भूखंड होते. मग गोड्या पाण्यातला मासा इथे कसा पोहोचला? मादागास्करच्या त्याच काळातील थरांतही गारचे अवशेष मिळतात, आणि भारत मादागास्करपासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. त्यामुळे हा मासा भूखंडाबरोबरच आला असावा, हे मला अधिक पटते. मात्र आजचे काही गार मचूळ पाण्यात, क्वचित समुद्रातही जातात, म्हणून तो समुद्रमार्गे आला असण्याची दुसरी शक्यता मोडीत काढता येत नाही.

आज गार नैसर्गिकरीत्या फक्त उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्यूबात उरले आहेत. भोपाळच्या मोठ्या तलावात मगरीसारख्या तोंडाचा गार सापडल्याची बातमी आली होती, पण तो लेपिसोस्टियस इंडिकसचा वंशज नव्हे. असे मासे शोभेच्या मत्स्यपालनासाठी परदेशातून आणले जातात आणि मोठे झाले की पाण्यात सोडून दिले जातात.