रेडिओचं लायसन, टीव्हीचं लायसन

ब्रिटनमध्ये टीव्ही लायसनच्या फीवरून दर काही वर्षांनी वाद पेटतो. एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४.५० पौंड झाली, तेव्हाही हेच झालं. टीव्ही बघायला लायसन कशाला, असं आज आपल्याला वाटतं. पण ही पद्धत आपल्याकडेही जवळपास साठ वर्षं होती.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी खासगी होती. रेडिओ ठेवणाऱ्याने वर्षाला १० रुपये भरायचे आणि त्यातले ८० टक्के कंपनीला मिळायचे, अशी व्यवस्था. शिवाय परदेशातून येणाऱ्या संचांच्या किमतीत तिचा वाटा. पण प्रक्षेपक जेमतेम दीड किलोवॅटचा, संच श्रीमंतांनाच परवडणारे, आणि लायसन न काढता ऐकणारेही कमी नव्हते. लायसनधारक आठ हजारांवर कधी गेलेच नाहीत. १ मार्च १९३० रोजी कंपनीचं दिवाळं वाजलं.

महिन्याभरात सरकारने कारभार हाती घेतला. १९३१ मध्ये तर ही सेवाच बंद करायची ठरली होती, पण लोकांची ओरड झाली आणि ती वाचली. मग आला १९३३ चा वायरलेस कायदा. १९३४ पासून विनापरवाना संच नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं.

माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीची मेख सरकारी ताब्यात आहे. ब्रिटनमध्ये फी सरकारच ठरवतं, पण ती बीबीसीसाठी आहे हे भरणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो बीबीसीला जाबही विचारतो. आपल्याकडे ऑल इंडिया रेडिओ हे सरकारी खातं. फी सरकारी तिजोरीत जमा व्हायची आणि खर्चाला पैसे अर्थसंकल्पातून यायचे. त्यामुळे पैसे भरूनही श्रोता मालक झाला नाही.

वसुलीचं काम पोस्टाकडे होतं. पासबुकासारखी छोटी पुस्तिका मिळायची. दर वर्षी खिडकीवर ती पुढे करायची, फीची तिकिटं चिकटवून घ्यायची, वर शिक्का. मुदत टळली की दंड. हॉटेलवाल्याचं लायसन वेगळं, घरगुती वेगळं. तपासनीस दारात उभा राहिला तर ही पुस्तिका दाखवावी लागे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि रेडिओच्या पुस्तिकेशेजारी टीव्हीचीही आली.

तोवर पैशाची दुसरी वाट सापडली होती. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवरही. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर रंगीत संच घरोघरी शिरले, प्रायोजित मालिका आल्या. जाहिरातीच्या पैशापुढे लाखो पुस्तिकांवर शिक्के मारत बसण्याचा खटाटोप कोणालाच नको होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लायसन रद्द झालं. कोणी हळहळल्याचं फारसं ऐकिवात नाही.

इतर देशांच्या वाटा वेगवेगळ्या. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्येच फी काढली, फ्रान्सने २०२२ मध्ये. जर्मनीने उलट केलं: २०१३ पासून घरात टीव्ही असो-नसो, प्रत्येक घरामागे आकारणी.

आपल्याकडे आकाशवाणी आणि दूरदर्शन एका महामंडळाकडे सोपवणारा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला. त्यात स्वायत्तता लिहिली आहे, पण महामंडळाची मोठी भिस्त सरकारी अनुदानावरच राहिली. केबल आणि डीटीएचवाल्यांना दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं बंधनकारक आहे, तरी आपण भरतो त्या मासिक बिलातून दूरदर्शनला त्यापोटी काही मिळत नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशला तर महिन्याचं भाडंच नाही. तिथे पैसे मोजतात खासगी वाहिन्या, लिलावात जागा घेऊन.