झेंडू की शेवंती : रोप निवडण्यापूर्वी

आमच्या रोपवाटिकेतून झेंडू आणि शेवंती यांची रोपे अनेकदा एकाच टोपलीतून घरी जातात, शेजारीशेजारी लावली जातात आणि त्यांना सारखेच पाणी, सारखेच खत मिळते. पुढे त्यांपैकी एक रोप भरभरून फुलते, दुसरे नुसतेच पानांनी वाढते आणि मग रोप खराब निघाले अशी शंका येते. बहुतेक वेळा रोपात काहीच दोष नसतो. झेंडूला भरपूर ऊन मिळाले की त्याचे भागते. शेवंतीला मात्र उन्हाइतकाच रात्रीचा अंधारही लागतो, आणि हे पत्रक प्रामुख्याने तेवढेच सांगण्यासाठी आहे.

दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील आहेत. त्यामुळे आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते प्रत्यक्षात एका बैठकीवर दाटीने बसलेल्या अनेक चिमुकल्या फुलांचे झुपके असते. झेंडूचे वाळलेले फूल घेऊन त्याचा हिरवा पेला नखाने उभा चिरला, तर आत सुईसारख्या काळ्या बारीक काड्यांची जुडी दिसते आणि प्रत्येक काडीच्या टोकाला गवती रंगाचा लहानसा झुपका असतो. त्या काड्या म्हणजेच बी. एवढे एक फूल नीट वाळवून ठेवले, तरी पुढच्या हंगामात एका वाफ्यापुरती रोपे त्यातून होऊ शकतात. मात्र संकरित झेंडूच्या बियांपासून आलेली रोपे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही, हे लक्षात ठेवावे.

बाजारात झेंडूचे ‘आफ्रिकन’ आणि ‘फ्रेंच’ असे दोन मुख्य प्रकार मिळतात. ही दोन्ही नावे फसवी आहेत, कारण दोघांचेही मूळ स्थान मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा परिसर हे आहे. पहिला प्रकार उंच, साधारण दोन ते तीन फुटांचा आणि गोंड्यासारख्या मोठ्या फुलांचा असतो. दुसरा, ज्याला आपल्याकडे मखमल म्हणतात, तो बुटका, लहान फुलांचा आणि बऱ्याचदा तांबूस छटांचा असतो. लहान कुंडीसाठी आम्ही मखमलच सुचवतो, कारण उंच झेंडू वाऱ्याने आडवा होतो आणि त्याला काठीचा आधार द्यावा लागतो. या दोन प्रकारांच्या संकरातून तयार झालेल्या काही जातींना बी धरत नाही. बी तयार करण्यात शक्ती खर्च होत नसल्याने त्या जाती अधिक काळ फुलत राहतात.

झेंडूचे बी आठवड्याभरात रुजते आणि पेरणीपासून साधारण दोन महिन्यांत, बुटक्या जातींत त्याआधीही, फुले येऊ लागतात. त्याला रोज किमान सहा तास थेट ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा होणारी माती हवी. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा म्हणजे फांद्या फुटतात, आणि सुकलेली फुले वेळच्या वेळी काढत राहावे. खताच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवावा, कारण नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार दिसते आणि फुले कमी देते. हंगाम संपला की झेंडूचे आयुष्यही संपते. त्याला छाटून पुन्हा फुलवण्याचा खटाटोप करू नये.

शेवंतीचे तसे नाही. ती बहुवर्षायू आहे, तिची लागवड चीनमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांपासून होत आली आहे, आणि ती फुलते कधी हे बऱ्याच अंशी रात्रीच्या लांबीवरून ठरते. दिवस लहान होऊ लागले आणि रात्र सलग पुरेशी मोठी मिळाली, की तिच्या शेंड्यांवर कळ्या धरतात. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीन यांच्यावरील प्रयोगांतून मांडला. आज हरितगृहांत शेवंतीवर संध्याकाळी काळे कापड ओढून, किंवा उलट मध्यरात्री दिवे लावून, हवे तेव्हा फूल आणले जाते ते याच तत्त्वावर. म्हणून ‘शेवंतीला कळीच येत नाही’ अशी तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न खताबद्दल नसतो, रात्री रोपावर कोणता दिवा पडतो हा असतो. दारावरचा, जिन्यातला किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर रोपावर पडत असेल, तर रोपाच्या लेखी रात्र होतच नाही. कुंडी दोन-चार हात सरकवून अंधाऱ्या कोपऱ्यात नेणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

शेवंतीचाही शेंडा खुडतात, पण कळ्या धरण्याचा काळ जवळ आला की खुडणे थांबवावे, अन्यथा त्या वर्षीचा बहर हातचा जातो. एकच मोठे फूल हवे असल्यास फांदीच्या टोकाची कळी ठेवून बाजूच्या कळ्या लहान असतानाच काढाव्यात. बहर ओसरल्यावर झाड जमिनीपासून चार-पाच बोटांवर छाटावे. काही आठवड्यांत बुंध्याभोवती नवे फुटवे, म्हणजे काश्या, निघतात. त्या मुळांसह अलग करून लावल्या की मूळ झाडासारखीच फुले देणारी नवी रोपे मिळतात. तीच जुनी गड्डी वर्षानुवर्षे कुंडीत ठेवल्यास फुले लहान होत जातात.

पाणी दोघांनाही माती वरून सुकल्यावर आणि मुळाशीच द्यावे. कोरड्या उष्ण हवेत झेंडूवर लाल कोळी येतो. शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो आणि मुळाशी पाणी साचले तर ती कुजते. ‘शेवंतीपासून कीटकनाशक बनते, मग तिला कीड कशी?’ असे विचारले जाते. ते कीटकनाशक शेवंतीच्या नात्यातल्या, पांढरी फुले येणाऱ्या दुसऱ्या एका वनस्पतीपासून मिळते, आपल्या बागेतल्या शेवंतीपासून नव्हे.

झेंडूच्या मुळांतील द्रव्यांमुळे जमिनीतील काही सूत्रकृमी (पिकांच्या मुळांना उपद्रव देणारे दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी) कमी होतात, हे खरे आहे. परंतु त्यासाठी संपूर्ण वाफ्यात दाट झेंडू दोन-तीन महिने वाढवावा लागतो; भाज्यांच्या कडेला लावलेली दोन रोपे शोभेपलीकडे फारसे काही करत नाहीत. त्याच्या पाकळ्यांतील ल्युटीन हे पिवळे रंगद्रव्य कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जाते, आणि पाकळ्यांपासून कापडही रंगवता येते. ओवण्यासाठी आणि मोकळ्या पाकळ्यांसाठी झेंडू उत्तम, पण फुलदाणीत मोठ्या झेंडूचा पोकळ देठ फुलाखालीच मोडतो. फुलदाणीसाठी शेवंतीच घ्यावी. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकली आणि पाणी बदलत राहिले तर ती दहा-पंधरा दिवस सहज टिकते.

निळी शेवंती आमच्याकडे वारंवार मागितली जाते. खऱ्या निळ्या शेवंतीविषयीचे संशोधन जपानमधील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांना गोकर्णासह आणखी एका वनस्पतीचे जनुक शेवंतीत घालावे लागले. फुलांच्या दुकानात दिसणारी निळी फुले साधारणपणे पांढऱ्या शेवंतीला रंग पाजून केलेली असतात. शेवंतीमुळे खोलीतील हवा शुद्ध होते, असे सांगून आम्ही तिची विक्री करत नाही. नासाच्या १९८९ च्या ज्या अभ्यासाचा त्यासाठी दाखला दिला जातो, तो बंदिस्त पेट्यांमध्ये केलेला होता, उघड्या दारे-खिडक्यांच्या घरात नव्हे. घरात कुत्रा किंवा मांजर असल्यास मात्र शेवंती त्यांच्या तोंडापासून दूर ठेवावी, कारण ती खाल्ल्यास त्यांना त्रास होतो. काही व्यक्तींच्या त्वचेला शेवंतीच्या पानांमुळे खाज सुटते. त्यांनी छाटणी करताना हातमोजे घालावेत.

रोप घेताना झेंडूचे बुटके, जाड खोडाचे आणि शक्यतो न फुललेले रोप निवडावे. शेवंतीची कुंडी मात्र काही फुले उमललेली आणि बाकीच्या कळ्यांना रंग दिसू लागलेला, अशी घ्यावी. सगळ्याच कळ्या घट्ट हिरव्या असतील, तर घरातल्या मंद उजेडात त्यांतील बऱ्याच कळ्या न उमलताच वाळून जातात.