लक्ष्मीच्या गालावरचे ठिपके

जुन्या नाशकातला एखादा वाडा पाडायला काढला की आधी सागाचे खांब आणि तुळया जातात, मग पितळी भांडी, आणि सगळ्यात शेवटी भिंतीवरच्या तसबिरी भंगारवाल्याकडे पोचतात. कमळातली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, रामपंचायतन. विकणारा तसबीर उलटी करून पिवळा पडलेला कागद दाखवतो, मग सुलटी करून खालच्या कोपऱ्यातलं प्रेसचं नाव दाखवतो आणि सांगतो, "ओरिजिनल रविवर्मा, शंभर वर्षं जुना." घेणाराही मान डोलावतो.

हे दोन्ही पुरावे कच्चे आहेत. कागद पिवळा पडतो तो वयामुळे नव्हे, लाकडाच्या लगद्यातून त्यात आलेल्या लिग्निन या द्रव्यामुळे. लिग्निनचं हवेतल्या ऑक्सिजनशी आणि उन्हाशी जमत नाही. वर्तमानपत्र गच्चीत उन्हात ठेवा, काही दिवसांत पिवळं पडतं. उलट सुती चिंध्यांपासून केलेला कागद शंभर वर्षांनीही बऱ्यापैकी पांढरा राहतो. प्रेसच्या नावाचं काय, ते पुढे सांगतो.

त्याआधी दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. मूळ चित्र कोणी काढलं हा एक, आणि हातातला हा कागद कधी व कसा छापला हा दुसरा. मोबाईलवर फोटो टाकून शोध घेतला तर पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा मिळतं. दुसऱ्याचं मिळत नाही, आणि किंमत ठरते ती दुसऱ्यावर. राजा रवि वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लाइशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. रवि वर्मा १९०६ साली वारले, छपाई मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं चालू होती. शिवाय त्याच चित्रांच्या नकला इतरांनी छापल्या, आजही छापतात. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छपाईच्या धंद्यात होते.

कागदाचं वय विचारायचं तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सराफ बाजारात खडे पाहायला वापरतात तेच चालतं. ते लक्ष्मीच्या गालावर टेकवा.

चित्र जुनं शिळाछाप असेल तर गालावर बारीक गुलाबी, तपकिरी, करडे ठिपके दिसतील. काही गोल, काही लांबट, काही एकमेकांत मिसळलेले. ओळ नाही, रांग नाही. कारण हे ठिपके माणसाने हाताने दिलेले आहेत. शिळाछापाचं तंत्र आलोइस सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शोधलं. तिथल्या चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने चित्र काढायचं, शिळा ओली करायची आणि वर छपाईची शाई फिरवायची. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट जागी बसते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. चांगल्या चित्राला दहा-बारा शिळा लागत आणि प्रत्येक शिळेवर कारागीर ठिपका ठिपका करून छटा उतरवत असे.

आता तीच लक्ष्मी ऑफसेटवर, म्हणजे चार रंगांच्या नव्या यंत्रछपाईत, छापलेली घ्या. गालावर निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके दिसतील, प्रत्येक रंगाचे ठिपके शिस्तीत जाळीवर बसलेले, आणि सगळे मिळून छोट्या छोट्या फुलांसारखी गोल नक्षी. छपाईवाले हिला रोझेट म्हणतात. ही नक्षी कुणी काढलेली नसते, ती भूमितीतून आपोआप उमटते, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट.

किरमिजी शाई फिकी करून छपाईयंत्राला गुलाबी छापता येत नाही. शाई एकतर लागते, नाहीतर लागत नाही. म्हणून १८८० च्या दशकात हाफटोनची युक्ती रुळली: फोटो जाळीतून काढून छटेचं रूपांतर लहानमोठ्या ठिपक्यांत करायचं. ठिपका मोठा तर रंग गडद, लहान तर फिकट, लांबून डोळा सरासरी काढतो. एका रंगाला हे सोपं आहे. चार रंग एकावर एक आले की पंचाईत होते, कारण चार जाळ्या एकमेकींवर पडतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर धरून एक किंचित फिरवला तर मोठमोठ्या लाटा दिसतात, त्याच इथे उमटतात. या लाटांना मॉयरे म्हणतात.

लाट केवढी असेल, हे काढता येतं. जाळीतल्या दोन ओळींमधलं अंतर घ्या आणि दोन जाळ्यांमधल्या कोनाच्या निम्म्याच्या साइनच्या दुपटीने भागा. चांगल्या छपाईत इंचाला १५० ओळी असतात, म्हणजे दोन ओळींत ०.१७ मिलिमीटर. कोन ५ अंश असेल तर लाट साडेअकरापट, जवळजवळ २ मिलिमीटरची. लक्ष्मीच्या गालावर चौकटीचं कापड पांघरल्यासारखं दिसेल. कोन ३० अंशांचा केला तर लाट जेमतेम दुप्पट, म्हणजे ०.३३ मिलिमीटरची उरते. हातभर अंतरावरून ती जाणवत नाही. कोन वाढवू तशी लाट लहान होते.

मग कोन आणखी का वाढवत नाहीत? कारण चौकोनी जाळी ९० अंश फिरवली की पुन्हा पहिल्यासारखीच दिसते. ९० अंशांच्या जागेत तीन रंग बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० अंशच येतात. रूढ मांडणीत निळा १५, काळा ४५, किरमिजी ७५. काळा तिरपा ४५ वर, कारण आडव्या-उभ्या रेघांपेक्षा तिरप्या रेघा डोळ्याला कमी टोचतात आणि काळा सर्वांत ठळक असतो. चौथा पिवळा. त्याला जागाच उरत नाही. तो शून्यावर, शेजाऱ्यांपासून फक्त १५ अंशांवर बसतो. त्याची लाट मोठी असते, ०.६५ मिलिमीटर, पण पांढऱ्या कागदावर पिवळा इतका फिका दिसतो की ती लपून जाते. चार रंगांच्या या तडजोडीतून रोझेट जन्माला येते.

आता प्रेसच्या नावाकडे या. भिंग गालावरून काढून खालच्या अक्षरांवर ठेवा. शिळाछापात अक्षरं भरीव शाईची असतात. नंतरच्या नकलेत मूळ चित्राचा नावासकट फोटो काढलेला असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा ठिपक्यांत फुटलेल्या दिसतात. छापखान्याचं नावच जाळीने बनलेलं असेल तर तो कागद त्या शिळेवर कधीच गेलेला नाही. आणि रांगही नाही, रोझेटही नाही, नुसते फवारल्यासारखे अगदी बारीक रंगीत कण दिसले, तर ते संगणकाच्या इंकजेट प्रिंटरचं काम. कागद चहात बुडवून पिवळा केला तरी हे कण लपत नाहीत.

दुसरी परीक्षा दुकानाच्या गल्ल्याजवळच्या नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याची. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेचा कागद या दिव्याखाली मंद राहतो, साधा पांढरा कागद मात्र निळसर उजळतो. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्यं अदृश्य अतिनील किरण शोषून निळा प्रकाश सोडतात, आणि कागदात त्यांचा वापर साधारण १९५० पासून वाढला. १९१० चं म्हणून विकलेलं चित्र दिव्याखाली चमकलं तर संशय घ्या. चमकलं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ही द्रव्यं नसलेला कागद आजही मिळतो.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. काच तडकलेली किंवा कड फाटलेली तसबीर घरात ठेवली की अनिष्ट होतं, असं समजून लोक ती पिंपळाखाली ठेवतात किंवा गोदावरीत सोडतात. कागद फाटल्याने कुणाचं वाईट होत नाही. नदीत मात्र काच आणि खिळे जातात, आणि कुण्या कारागिराने महिनोन्‌महिने खपून दिलेले ठिपके दोन दिवसांत लगदा होतात. 'जुन्या चित्रात ऊर्जा असते' म्हणून चढी किंमत सांगणाराही त्याच समजुतीवर पोट भरतो.

भिंग नसेल तेव्हा मजकूर वाचा. किंमत आण्यात असेल तर चित्र बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, नव्या पैशांत असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरच छापलेलं. तसबिरीची पाठ उघडाल तेव्हा फळी आणि चित्र यांच्यामध्ये घातलेली रद्दी टाकू नका. वर्तमानपत्राचा तुकडा असला तर त्यावरच्या तारखेनंतर ही चौकट बंद झाली, एवढं नक्की कळतं. चित्र त्याहून जुनं असू शकतं. आणि तुकडा नव्या तारखेचा निघाला, तर मध्ये कुणीतरी तसबीर उघडली होती का, हे खिळ्यांच्या जुन्या भोकांवरून पाहा.